रडणाऱ्या काकांची मोसंबी

पोळा होऊन आठ दिवस झाले तरी बद्रीनाथच्या बागेतली फळगळ थांबली नव्हती. सकाळी बांध ओलांडला की झाडं दिसायच्या आधी वास यायचा. गोड, आंबूस, घशात चिकटून बसणारा वास. रात्री पतंग यायचे, पिकत आलेल्या मोसंबीत सोंड खुपसायचे आणि रस पिऊन निघून जायचे. मागे राहायचं सुईच्या टोकाएवढं भोक. दुसऱ्या दिवशी भोकाभोवती तपकिरी डाग, तिसऱ्या दिवशी फळ जमिनीवर.

बद्रीनाथ आणि त्याची बायको बेबीनंदा उजाडताच घमेली घेऊन झाडाखाली वाकत. पडलेलं फळ उचललं की अंगठा आत जायचा. आतलं कोमट पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचं आणि त्यावर माश्या बसायच्या. हात झटकला तरी उठायच्या नाहीत. घमेली भरली की बागेच्या कडेच्या खड्ड्यात ओतायची, वरून चुना टाकायचा, पुन्हा वाकायचं.

"ह्यातली निम्मी वरून चांगलीच दिसून राह्यली," बेबीनंदा कंबर धरून उभी राहत म्हणाली. "रसवाल्याला तरी दिली असती."

"पडलेलं फळ माणसाला द्यायचं न्हाई."

हे बद्रीनाथचं ठरलेलं उत्तर होतं. धडधाकट माणूस मोसंबी विकत घेत नाही, असं तो म्हणायचा. घेणारा दवाखान्यात कुणाला तरी भेटायला निघालेला असतो. हे फळ आजाऱ्याच्या तोंडात जातं. तरुणपणी शहागडला हायवेवर पाटी घेऊन बसायचा तेव्हापासून त्याने झाडाखालचं फळ कधी पाटीत टाकलं नव्हतं. पुढे बाग वाढली, व्यापारी बांधावर येऊ लागले, तरी बागेतली दोन-चार कॅरेट तो अजूनही शहागडला नेऊन बसायचा. ट्रकवाले गाडी हळू करून विचारायचे, "बद्रीनाथची हाय का?" तेवढंच त्याचं नाव होतं आणि ते त्याला पुरत होतं.

यंदा बाग ठरवून गेलेला व्यापारी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आला. चार झाडांखाली फिरला, दहा फळं हातात घेऊन पाहिली, पँटीला हात पुसला आणि म्हणाला, "न्हाई जमायचं." त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. झाडावर अजून चांगलं फळ होतं, पण रोज कमी होत होतं.

शेवटी एक दिवस कल्याण जालन्याहून केदारला घेऊन आला. कल्याण बद्रीनाथचा एकुलता मुलगा. सत्तावीस वर्षांचा, जालन्याच्या एका कारखान्यात तीन वर्षं काढून परत आलेला. केदार त्याच्याच वयाचा, मूळचा जालन्याचाच. दुकानांच्या, क्लासच्या, दवाखान्यांच्या जाहिराती करायचा. पांढरे बूट घालून तो बागेत आला आणि पहिल्याच झाडाखाली त्याचा पाय एका सडक्या फळात गेला.

"शी!" तो म्हणाला. मग हसला. "काका, हे बेस्ट आहे. हेच दाखवायचं."

ओसरीवर चहा घेताना त्याने सगळं समजावून सांगितलं. आधी एक व्हिडिओ. तो लोकांनी एकमेकांना पाठवला पाहिजे, पैसे देऊन नाही, आपणहून. त्याच्याखाली लिंक, लिंकवर ऑर्डर, खोकं थेट घरी. आणि रस्त्यावर फ्लेक्स, रिक्षावर भोंगा.

"माणूस सकाळी फोनमध्ये तुम्हाला बघतो. दुपारी शहागडच्या फाट्यावर तुमचा फ्लेक्स बघतो. संध्याकाळी गल्लीत भोंगा ऐकतो. तीनदा झालं की तुम्ही त्याच्या घरातले. मग तो भाव विचारत नाही."

खाटेवर पाय दुमडून बसलेल्या झुंबरबाईने, बद्रीनाथच्या म्हाताऱ्या आईने, कान दिला होता. तिला नीट दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं यायचं.

"अन् फळ कव्हा बघतो?" तिने विचारलं.

"फळ काय आजी, फळ तर येतंच मागून."

"दादा, करून तर बघू," कल्याण बापाला म्हणाला. "रोज खड्ड्यात ओतून राह्यलो. दुसरं काय हाय आपल्या हातात?"

बद्रीनाथने मान हलवली. करून बघायला त्याची ना नव्हती. त्याला वाटलं, आपण आपल्या फळाबद्दल बोलायचं आहे. ते तर येत होतं.

तो धुतलेलं धोतर नेसून, पांढरी टोपी नीट बसवून झाडाजवळ उभा राहिला. केदारने फोन धरला. बद्रीनाथने एक मोसंबी देठासकट कात्रीने कापली आणि तळहातावर घेतली.

"हे बगा, फळ हातात घेतलं की आधी वजन करायचं. दिसायला मोठं अन् हाताला हलकं, ते आतून कोरडं. लहान असू द्या, पण जड पायजे. मंग बुडाशी बघायचं. हितं हे नाण्यासारखं गोल दिसतं का? हे बराबर उमटलेलं पायजे. अन् देठ हिरवं पायजे. देठ वाळलेलं असंल तर ते फळ तोडलेलं न्हाई, पडलेलं हाय. इकणारा काही बी म्हणो, देठ खोटं बोलत न्हाई."

तो पाच-सात मिनिटं बोलला. त्याला बोलताना छान वाटलं. कल्याण लहान असताना असंच त्याच्या हातात फळ देऊन तो डोळे मिटायला लावायचा, वजनावरून सांग म्हणायचा. तो थांबला तेव्हा केदार फोन खाली करून काहीतरी वेगळंच बघत होता.

"मस्त काका. पण हे कुणी बघत नाही. तिसऱ्या सेकंदाला लोक पुढे जातात." त्याने रस्त्याकडे बोट केलं. "ती घमेली तिकडं नेऊ. तुम्ही डांबरीवर ओतायची, खाली बसायचं, अन् म्हणायचं, माझं सगळं गेलं. बस."

"सगळं कुठं गेलंय? झाडावर निम्मं हाय की."

"ते आपल्याला माहीत आहे."

बद्रीनाथ कल्याणकडे बघत राहिला. कल्याण बुटाच्या टोकाने माती उकरत होता. "दादा, दोन मिनटाचं काम हाय," तो म्हणाला. "नंतर मी कधीच काही मागणार न्हाई."

घमेली रस्त्यावर गेली. बद्रीनाथने ती ओतली. सडकं पाणी डांबरावर पसरलं आणि उन्हाने लगेच वास सोडला. जाणाऱ्या दोन मोटारसायकली थांबल्या. तो उकिडवा बसला आणि म्हणाला, "माझं सगळं गेलं." आवाज बाजारात भाव सांगितल्यासारखा आला.

"टोपी काढा काका."

"कामून?"

"टोपीत तुम्ही पाटील दिसता. गरीब दिसत नाही."

बद्रीनाथचा हात टोपीकडे गेला नाही. केदारनेच वाकून ती उचलली आणि कल्याणच्या हातात दिली. आठवड्यापूर्वी डोक्याला घामोळं आलं म्हणून बद्रीनाथने मशीन मारून घेतली होती. डोकं पांढरंफेक, उघडं, उन्हात चमकायला लागलं. मोटारसायकलवरचा एक जण दुसऱ्याच्या कानात काही बोलला.

"आता थोडं पाणी डोळ्यांत. येत नसलं तर—" केदारने एक मोसंबी घेतली, नखाने तिची साल ओरबाडली, साल दुमडली आणि बद्रीनाथच्या डोळ्यांपुढे धरून चिमटीत दाबली.

सालीचा बारीक फवारा डोळ्यात गेला. बद्रीनाथ ओरडला. त्याने दोन्ही हातांनी चेहरा झाकला, हात सडक्या फळांनी बरबटलेले होते, त्याने आणखी झोंबलं. नाक गळायला लागलं. तो रस्त्यावर बसून खांदे हलवत आंधळ्यासारखा चाचपडत होता आणि "पाणी, पाणी द्या रे" म्हणत होता.

"एक सेकंद, एक सेकंद काका," केदार म्हणाला. "हेच. हेच पाहिजे होतं."

कल्याण पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. केदारने हात आडवा करून त्याला थांबवलं, आणि तो थांबला.

*

व्हिडिओ बुधवारी संध्याकाळी सुटला. त्यात मागे बासरी वाजत होती. "पाणी द्या रे" हे शब्द केदारने तसेच ठेवले होते आणि त्याखाली लिहिलं होतं, बळीराजा पाणी मागतोय. गुरुवारी दुपारपर्यंत तो अमेरिकेत पोचला, असं कल्याण म्हणाला. त्याचा फोन हातात धरवत नव्हता इतका तापला होता. बद्रीनाथचा साधा फोन चार्जिंग संपून फडताळात पडलेला होता.

शुक्रवारी सकाळी बेबीनंदा अंगण झाडत असताना दारात जीप थांबली. आतून रडण्याचा आवाज आला. बद्रीनाथची धाकटी बहीण मीना पदराने तोंड झाकून उतरली. तिच्यामागे तिच्या सासरच्या चार बायका, आणि सगळ्यांच्या मागे तिचा नवरा अप्पाराव, हातात फडक्यात बांधलेली टोपली घेऊन. ही मंडळी राजूरजवळची, दीड-दोन तासांचा रस्ता.

"माय गं माझी!" मीनाने उंबऱ्यावरच अंग टाकलं. "मला तोंड बी दिसू दिलं न्हाई गं! फोन लावून लावून बोटं झिजली, एकानं उचलला न्हाई!"

बायकांनी तिला धरलं आणि त्याही रडायला लागल्या. शेजारपाजारची माणसं धावत आली. बेबीनंदा खराटा घेऊन तशीच उभी राहिली. "मीनाबाई, काय झालं? कोण गेलं?" तिने विचारलं, आणि तिचाही आवाज फुटला, कारण तिला वाटलं मीनाच्याच घरी काही झालं.

"माझी माय गेली अन् तू मला विचारतीस कोण गेलं?"

तेवढ्यात आतून काठीचा आवाज आला. झुंबरबाई भिंत धरत ओसरीवर आली. हातात दुधात कुस्करलेल्या भाकरीची वाटी होती, तोंडात घास होता.

"कोण रडून राह्यलं? मीना हाय का ती?"

मीनाचं रडणं मध्येच तुटलं. एक बाई मात्र डोळे मिटून होती, ती एकटीच थोडा वेळ रडत राहिली, मग तिलाही कुणीतरी कोपर मारलं.

बद्रीनाथ बागेतून आला तेव्हा सगळे ओसरीवर बसलेले होते. अप्पारावने टोपली अजून खाली ठेवली नव्हती. तो मेव्हण्याच्या डोक्याकडे, तिथल्या टोपीकडे, टक लावून पाहत होता.

"भाऊ," अप्पाराव म्हणाला, "आमच्या गावात पोरांनी फोनमधी दाखवलं. तुम्ही रस्त्यावर बसेल. डोक्याचा गोटा केलेला, टोपी न्हाई, धाय मोकलून राह्यले, पाणी पाणी करून राह्यले. आता बाप्या माणूस असा बसला, अन् घरात एक माणूस पिकलेलं हाय... आम्ही काय समजावं? तुम्हीच सांगा. चुकलं असंल आमचं तर जोडा मारा."

बद्रीनाथ भिंतीला टेकून खाली बसला.

"टोपलीत काय हाय?" झुंबरबाईने विचारलं.

टोपलीत काय आहे ते सगळ्यांना कळत होतं. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून सोयरे भाकरी आणि पिठलं घेऊन येतात. कडू घास म्हणतात त्याला. मेलेल्या माणसाच्या नावाचा घास.

"पिठलं हाय," झुंबरबाई नाकाने हुंगून म्हणाली. "माझ्या नावाचं. लसूण जरा जादाच पडलाय."

एका पोरीला हसू आलं. मीनाने तिला चापट मारली.

"रस्त्यावर कामून बसला होतास, बद्री?"

"जाहिरात होती, माय. मोसंबीची."

"अन् टोपी?"

"त्यांनी काढली."

म्हातारीने वाटी खाली ठेवली. तोंडातला घास तिने बराच वेळ चघळला, पण तो खाली जाईना. शेवटी हातात काढून तिने अंगणात टाकला.

"मंग मी खरंच मेल्यावर काय काढशील?" ती म्हणाली. "कातडं?"

टोपली घरात घेता येईना आणि परतही नेता येईना. शेवटी अप्पारावने भाकरी गावाबाहेर नेऊन कुत्र्यांना घातली. मीना दुपारपर्यंत बसली. जाताना तिने भावाच्या पाया पडायच्या ऐवजी नुसता पदर सावरला. त्या दिवसापासून झुंबरबाईने खाट धरली. अंगात बारीक ताप राहू लागला. शहागडच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, पण अन्न तिला जाईना. बेबीनंदा झाडावरचं फळ तोडून आणायची आणि रस काढून दोन-दोन घोट पाजायची.

*

मोसंबी मात्र विकली जाऊ लागली. अशी कधीच विकली गेली नव्हती.

शहागडच्या फाट्यावर केदारने मंडप टाकला. मागे दहा फूट उंच फ्लेक्स. त्यावर बद्रीनाथचं उघडं डोकं, गळणारं नाक, मिटलेले लाल डोळे. वर अक्षरं, रडणाऱ्या काकांची मोसंबी. प्रत्येक दाढीच्या खुंटावरचा थेंब वेगळा दिसत होता. जवळून जाताना आपल्याच नाकपुड्यांचे केस बद्रीनाथला हातभर दिसायचे. रिक्षा अंबडपासून फिरत यायची आणि तिच्या भोंग्यातून त्याचाच आवाज, "पाणी, पाणी द्या रे," आणि लगेच एका मुलीचा गोड आवाज, "आजच ऑर्डर करा." शाळेत जाणारी पोरं रिक्षामागे धावत त्याची नक्कल करायची.

केदारने सांगितलं होतं, काका मंडपात बसलेच पाहिजेत. बद्रीनाथ बसायचा. गाड्या थांबायच्या. काचा खाली व्हायच्या.

"हेच ते?"

"हो, हेच. काका, जरा टोपी काढता का? ओळखू येत नाही. मुलांना फोटो पाहिजे."

पहिल्या दिवशी त्याने ऐकू न आल्यासारखं केलं. मग कल्याणनेच येऊन हळूच म्हटलं, "दादा, काढा की, गिऱ्हाईक हाय." दुसऱ्या दिवशी त्याने टोपी खिशातच ठेवली. एका बाईने त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला आणि गाडीत बसल्यावर छोट्या बाटलीतलं काहीतरी हातावर चोळून पुसलं. कुणी फळ हातात घेऊन वजन केलं नाही. कुणी बूड पाहिलं नाही. कुणी देठ पाहिलं नाही. पिशवी घ्यायचे, "काका, खचू नका" म्हणायचे आणि जायचे.

आठव्या दिवशी राधेश्यामचा ट्रक थांबला. जालन्याची लोखंडी सळई घेऊन तो बीडकडे जायचा. वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. पाटीतलं फळ उलटून-पालटून बघणारा, एक जरी हलकं निघालं तर परत येऊन तोंडावर सांगणारा. त्याला पाहून बद्रीनाथ पहिल्यांदाच उठून उभा राहिला.

"या, राधेश्यामभाऊ. बसा. फळ खाऊन बगा."

बद्रीनाथने खोक्यातलं वरचं फळ काढून सुरीने चिरलं आणि फोड दिली. खोकी सकाळी कल्याणने घरून भरून आणली होती. राधेश्यामने फोड तोंडात टाकली. त्याचा जबडा दोनदा हलला आणि थांबला. तो खाली वाकून थुंकला नाही. त्याने डोळे मिटून गिळलं आणि गळ्यावरून हात फिरवला.

"चांगली हाय," तो म्हणाला.

बद्रीनाथने उरलेली अर्धी मोसंबी पाहिली. आत तपकिरी रेघ होती, आणि रेघेच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढी पांढरी अळी वळवळत होती.

"राधेश्यामभाऊ, थुका. थुका आधी."

"जाऊ द्या हो." राधेश्यामने दोन खोकी उचलली. "माय गेली म्हणून ऐकलं. त्यात बाग गेली. असल्या टायमाला आम्ही काय फळ बघत बसावं का? इतकी वर्षं बघितलंच की."

"माय जित्ती हाय. बाग बी हाय."

"बिलकुल, बिलकुल," राधेश्याम समजुतीने म्हणाला, वेड लागलेल्या माणसाला म्हणतात तसं. त्याने खोकी केबिनमध्ये ठेवली, हात जोडले आणि गाडी काढली.

बद्रीनाथने हातातलं फळ पाहिलं, फ्लेक्सवरच्या तोंडाकडे पाहिलं आणि मंडप तसाच सोडून घरची वाट धरली.

*

गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये कल्याण खाली बसून खोकी भरत होता. एका बाजूला झाडाखालून उचललेल्या मोसंबीचा ढीग, एका बाजूला तेलाचा बोळा. एकेक फळ तेलाने पुसायचं, भोक सापडलं की त्यावर गोल स्टिकर लावायचा, अंगठ्याने दाबायचा. स्टिकरवर बद्रीनाथचा रडका चेहरा. काही फळं इतकी मऊ होती की दाबताना चेहरा आत जायचा आणि कडेने पाणी बाहेर यायचं. शेडभर माश्या, आणि त्यांच्या आवाजात कल्याणचा फोन वाजत होता.

बद्रीनाथ दारात उभा राहिला.

"कधीपासून?"

कल्याण दचकला. "परवापासून. चांगलं फळ संपलं, दादा. आज्जीपुरती दोन झाडं ठिवली. ऑर्डरी तर येऊनच राह्यल्या."

"मंग न्हाई म्हणायचं."

"केदारभाऊ म्हणतो, आता न्हाई म्हणलं तर लोक इसरून जातेत. अन् म्हणतो, लोक फळ घेतच न्हाईत. लोक काकाला घेऊन राह्यले. फळ कसं बी असलं तरी कुणी बोलत न्हाई. अन् खरंच, दादा, एकाचा बी फोन आला न्हाई तक्रारीचा."

बद्रीनाथ खाली बसला. प्रत्येक खोक्यावर एक चिठ्ठी चिकटवली होती. नाव, पत्ता, खाली गिऱ्हाइकाने लिहिलेले दोन शब्द. तो एकेक वाचू लागला. काळजी घ्या काका. जय किसान. पाचव्या खोक्यावर होतं, 'आई दवाखान्यात आहे, तिला रस द्यायचा आहे, कृपया लवकर पाठवा.' पत्ता पुण्याचा.

त्याने ते खोकं फाडलं. चार फळं घेतली आणि घरातून पितळी पातेलं, फडकं आणि गिलास आणला. शेडच्या दारातच बसून त्याने फळं चिरली आणि मुठीत पिळली. रस गढूळ, करडा निघाला. फडक्यात अळ्या राहिल्या. त्या त्याने झटकल्या नाहीत, कल्याणला दिसतील अशा बाजूला पसरून ठेवल्या. गिलास निम्मा भरला.

"जा. आज्जीला पाज."

"दादा..."

"तिची येळ झालीय. जा."

कल्याणने गिलास घेतला. ओसरीवर झुंबरबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. पावलं ऐकून ती वळली.

"बेबी, आणलास का गं रस? जल्दी दे. घसा नुसता लाकूड झालाय."

"मी हाय, आज्जी."

"तू व्हय? दे, राजा." तिने एका कोपरावर भार देऊन मान वर केली आणि तोंड उघडलं. दात नव्हते. ओठांना तापाची खपली होती. जीभ कोरडी, पांढरी. ती तशीच तोंड उघडं ठेवून थांबली.

कल्याण उभा राहिला. खिशातला फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला.

"कुठं गेलास?" तिने हात पुढे केला आणि हवेत चाचपला. बोटं गिलासाला लागली आणि तिने तो धरला. कल्याणने सोडला नाही. म्हातारी ओढत होती आणि तो धरून होता. थोडा रस तिच्या मनगटावर सांडला.

"सोड की रे. असा काय करतोस?"

"हे नगं, आज्जी."

"कामून? रस न्हाई का?"

"हे चांगलं न्हाई." त्याचा आवाज बारीक झाला. "पडलेल्या फळाचं हाय. मी तोडून आणतो तुला. आत्ता आणतो."

त्याने तिचं मनगट आपल्या शर्टाच्या टोकाने पुसलं. दोनदा पुसलं. मग तो बाहेर आला. बद्रीनाथ दारातच बसलेला होता. कल्याणने गिलास उकिरड्यावर उपडा केला आणि कात्री घेऊन बागेत गेला.

चार वाजता खोकी न्यायला टेम्पो आला. बेबीनंदाने त्याला तसाच परत लावला. केदारचा फोन आला तेव्हा तो लाऊडस्पीकरवर होता, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं.

"वेडा झालास का तू? ठीक आहे, तुमचं फळ नको. मी दुसरीकडून भरतो. स्टिकर माझ्याकडे आहेत. व्हिडिओ माझ्याकडे आहे. काकांचा फेस चालतोय, फळ कुठलंही चालेल."

"तो फेस माझ्या बापाचा हाय," कल्याण म्हणाला.

"मग काय? मी कुठं बापाला नेतोय?" केदार हसला आणि फोन बंद झाला.

उरलेला दिवस बापलेक शेडमध्ये समोरासमोर बसले. बद्रीनाथ एकेक खोकं उघडायचा, फळं घमेल्यात ओतायचा, चिठ्ठी कल्याणकडे द्यायचा. कल्याण त्या नंबरवर फोन लावायचा आणि सांगायचा, फळ चांगलं नव्हतं, पडलेलं होतं, पाठवत नाही, तुमचे पैसे परत करतो.

नाशिकची एक बाई म्हणाली, असू द्या, तसंच पाठवा, आम्ही मदत म्हणून घेतलंय, खायला थोडंच. ठाण्याच्या माणसाने विचारलं, मग निदान काकांशी व्हिडिओ कॉल होईल का. तिसऱ्याने विचारलं, हा नवीन व्हिडिओ आहे का, तुम्ही रेकॉर्ड करताय का. कल्याण प्रत्येकाला तेच सांगत राहिला. त्याच्या नखांत स्टिकरचा डिंक बसला होता, तो दातांनी काढायचा आणि थुंकायचा.

पुण्याची चिठ्ठी बद्रीनाथने बाजूला ठेवली होती. ती त्याने शेवटी हातात दिली.

"ह्याला नीट सांग. म्हणावं, आज्जीला ठिवलेल्या झाडाची चार फळं पाठवतो. पैसे नगं म्हणावं."

कल्याणने फोन लावला. आता लाऊडस्पीकर बंद होता. समोर तरुण आवाज होता, मागे टीव्ही चालू. कल्याणने सगळं सांगितलं. दवाखान्यातल्या आईचं विचारलं.

"आई? अहो, आई ठणठणीत आहे," तो माणूस म्हणाला. "तसं लिहिलं की लवकर पाठवतात, म्हणून लिहिलं. सगळेच लिहितात."

कल्याणने फोन कानापासून काढला नाही. तिकडचा आवाज केव्हाच बंद झाला होता.

"काय म्हणला?" बद्रीनाथने विचारलं. तो पुढे झुकला होता. "आई कशी हाय त्याची?"

कल्याणने बापाकडे पाहिलं.

"बरी हाय म्हणला, दादा. एकदम बरी हाय."

"चला," बद्रीनाथ म्हणाला. त्याने दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले आणि एक लांब श्वास सोडला. "बरं झालं. जीवाला घोर लागला होता."

आणि त्याने पुढचं खोकं ओढून घेतलं.